शल्यकर्म, संमती आणि तज्ज्ञांची साक्ष
महाराष्ट्रातील काही खटल्यांच्या आधारे

शस्त्रक्रियेतील हयगयीबद्दल जे दावे न्यायालयांपुढे येतात त्यांत दोन प्रश्न वारंवार उपस्थित होतात. रुग्णाने त्या शस्त्रक्रियेस संमती दिली होती काय, हा एक. आणि शस्त्रक्रिया यथाशास्त्र झाली की नाही हे न्यायाधीशाने कोणाच्या तोंडून समजून घ्यावयाचे, हा दुसरा. पहिला प्रश्न रुग्णाच्या अधिकाराचा व दुसरा वैद्यांच्या विद्येचा, अशी वाटणी सामान्यतः गृहीत धरली जाते, आणि कायद्याच्या पाठ्यपुस्तकांतूनही ह्या दोहोंची प्रकरणे वेगवेगळी असतात. इतिहास मात्र ह्या वाटणीस दुजोरा देत नाही. संमतीचा प्रश्न कायद्यात शिरला तोच मुळी तज्ज्ञ साक्षीदारांच्या जबानीतून. आणि आपल्याकडे तो त्या जबानीच्या कक्षेतून अद्यापि पुरता बाहेर पडलेला नाही.

ह्या विषयाचा आरंभ लंडनमधील १७६७ च्या स्लेटर विरुद्ध बेकर व स्टेपलटन ह्या खटल्यापासून धरण्याची प्रथा आहे. वादीचा पाय मोडला होता व हाड सांधत आले होते. पट्टी सोडण्यासाठी त्याने एका शल्यविशारदास व एका औषधविक्रेत्यास बोलावले. त्यांनी पट्टी तर सोडलीच, पण सांधत आलेले हाड पुन्हा मोडले आणि पायाला दातेरी लोखंडी यंत्र लावले. वादीच्या बाजूने शल्यविशारदांनीच साक्ष दिली की, रुग्णाला न विचारता जुळत आलेले हाड पुन्हा मोडणे हे ह्या व्यवसायाच्या रीतीस सोडून आहे. न्यायालयाने हे मान्य करून पाचशे पौंडांचा निकाल कायम केला. ह्या निकालाची उपपत्ती लक्षात घेण्यासारखी आहे. रुग्णाच्या देहावर त्याचाच अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. संमती विचारणे हा शल्यविशारदांचा रिवाज आहे व रिवाज मोडणे म्हणजे अकौशल्य, असा तो युक्तिवाद आहे. विचारावयाचे कशासाठी, ह्याचेही कारण तेथे दिले आहे : पुढे काय होणार हे कळल्यास रुग्ण मनाचा हिय्या करील आणि यातना सोसण्यास सिद्ध होईल.

हे कारण भूल अस्तित्वात नसलेल्या काळातले आहे. १८४६-४७ मध्ये ईथर व क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहात आले आणि हिय्या करण्याची गरज उरली नाही. रुग्ण निद्रिस्त झाला म्हणजे त्याच्या धैर्याचाही प्रश्न मिटला, आणि त्याला काही सांगण्याचे जे व्यावहारिक निमित्त होते तेही संपले. संमती ही क्रिया त्यानंतर हळूहळू संभाषणातून कागदावर उतरली असावी, असे अनुमान करावयास हरकत नाही.

हिंदुस्थानात ह्या दोन्ही प्रश्नांना कायद्याचे रूप अवघ्या बारा वर्षांच्या अंतराने मिळाले. १८६० च्या दंडसंहितेतील ८८ व्या कलमाखाली जे उदाहरण दिले आहे ते शल्यविशारदाचेच आहे : असह्य व्याधीने पीडलेल्या रुग्णावर त्याच्या संमतीने, त्याच्या हितासाठी, सद्भावाने केलेली जोखमीची शस्त्रक्रिया गुन्हा ठरत नाही. ९० व्या कलमाने भीतीपोटी किंवा गैरसमजुतीने दिलेली संमती ही संमतीच नव्हे असे ठरविले, आणि ९२ व्या कलमाने संमती मिळविणे अशक्य असेल अशा प्रसंगी वैद्याला मोकळीक दिली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ४५ व्या कलमाने शास्त्र व कला ह्यांतील जाणकारांचे मत पुराव्यात ग्राह्य मानले. ६० व्या कलमाच्या परंतुकाने आणखी एक वाट उघडली. ग्रंथकार मृत असेल, सापडत नसेल किंवा वाजवी खर्चात व विलंबाशिवाय त्याला साक्षीस आणणे शक्य नसेल, तर सर्वसामान्यपणे विक्रीस असलेला त्याचा ग्रंथच त्याच्या मताचा पुरावा म्हणून दाखल करता येतो. तज्ज्ञ न्यायालयात आला नाही, तरी त्याचे पुस्तक येऊ शकते. २०२३ च्या नव्या संहितांनी कलमांचे क्रमांक बदलले. हा आराखडा बहुतांशी तसाच राहिला.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ह्या आराखड्याची खरी कसोटी डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले ह्या खटल्यात लागली. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या वाळूच्या किनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी फळ्या बांधून पाय स्थिर केला. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला व्यवसाय करणारे. ते पालशेतला पोचले व सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून मुलाला घेऊन ९ मे रोजी सकाळी पुण्यास आले. प्रथम एका रुग्णालयात तपासणी झाली, तेथून मुलाला प्रतिवादी शल्यविशारदांच्या रुग्णालयात हलविण्यात आले. तासाच्या अंतराने मॉर्फियाची दोन इंजेक्शने द्यावीत अशी त्यांची सूचना होती. प्रत्यक्षात एकच दिले गेले. दुपारी चारनंतर मुलाला शस्त्रक्रियागृहात नेले आणि साडेपाचच्या सुमारास पायाला प्लास्टर घालून बाहेर आणले. सातच्या सुमारास मॉर्फियाचा अंमल उतरेल, असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आले की, मुलाला श्वास घेणे जड जात आहे. रात्री नऊ वाजता तो वारला. चरबीचा कण रक्तवाहिनीत अडकल्यामुळे मृत्यू आला, असे कारण दाखल्यात नमूद झाले.

आईवडिलांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, पूर्ण भूल न देता, तिघा माणसांकरवी जोराने पाय ओढून हाड बसविण्यात आले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला. प्रतिवादीचे म्हणणे असे की, हाड बसविलेच नाही. ते काम पुढे ढकलून, हलका ताण देऊन पाय केवळ स्थिर केला होता. विचारपूर्वक पाहिले तर हा वाद शास्त्राचा नव्हताच. भूल न देता जोर लावणे योग्य आहे, असे प्रतिवादीही म्हणत नव्हते. बंद दाराआड पाऊण-एक तासात काय घडले, एवढाच प्रश्न होता, आणि ते सांगू शकणारा मुख्य साक्षीदार मरण पावला होता. अशा स्थितीत न्यायालयांना लक्षणांवरून मागे जावे लागले. श्वासाची लक्षणे चरबीच्या अडथळ्याची की धक्क्याची, हे ठरविण्यास वैद्यकीय ग्रंथांचा आधार घेण्यात आला, आणि ग्रंथातील वर्णन एका रात्रीच्या हकिकतीशी ताडून पाहण्यात आले. खालच्या न्यायालयाने तीन हजार रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. दाखल्यातील कारण हे झाल्या गोष्टीवर घातलेले पांघरूण होते, हा निष्कर्ष शेवटपर्यंत टिकला. घटना आणि अंतिम निकाल ह्यांत पंधरा वर्षे लोटली.

भारतातील वैद्यकीय हयगयीच्या जवळजवळ प्रत्येक निकालपत्रात हा निर्णय आजही उद्धृत होतो, तो त्यात सांगितलेल्या तीन कर्तव्यांमुळे. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार करताना, अशा तिन्ही वेळी वैद्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे. ही त्रयी विद्यार्थ्यांना पाठ असते. तिच्यात काय नाही, ह्याकडे सहसा लक्ष जात नाही. रुग्णाला सांगणे हे कर्तव्य तिच्यात नाही. ठरविणारा वैद्य, करणारा वैद्य, आणि ह्या तिन्ही क्रियांत रुग्ण केवळ कर्म. वडील स्वतः डॉक्टर असूनही, आज ह्या पायाचे नेमके काय करावयाचे आहे, हे त्यांना सांगितले होते काय, हा प्रश्न दाव्याचा आधार म्हणून पुढे आला नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्येही मोडलेलाच पाय होता आणि जोरजबरदस्तीचाच आरोप होता. पण तेथे संमतीचा मुद्दा निघाला आणि पुण्यात निघाला नाही, ही तुलना उद्बोधक आहे. त्याचा दोष वादींना देता येत नाही. मुलगा गेल्यानंतर त्याला विचारले होते का, हा प्रश्न कोणत्या आईबापांना सुचेल?

औरंगाबाद येथील १९६३ चे प्रकरण ह्याच्या नेमके उलट आहे. शासकीय प्रसूतिरुग्णालयात १० जुलै रोजी एक शिक्षिका प्रसूतीसाठी दाखल झाली. प्रसूतीनंतर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घ्यावयाची, हा तिचा आधीच झालेला निश्चय होता. १३ जुलैला ती शस्त्रक्रिया झाली. पुढे ताप व पोटदुखी सुरू झाली. १९ तारखेस पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला कापडी बोळा सापडला, आणि २४ जुलैला ती मरण पावली. येथे संमतीविषयी कसलाच वाद नव्हता. रुग्ण त्याच हेतूने आली होती. तज्ज्ञाची गरजही नाममात्र होती, कारण पोटात बोळा राहू नये हे कळण्यास शल्यशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही खालच्या न्यायालयाने दिलेला छत्तीस हजार रुपयांचा हुकूमनामा उच्च न्यायालयात उलटला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो पुनःस्थापित करीपर्यंत १९९६ साल उजाडले. घटनाच स्वतः बोलते, हे तत्त्व न्यायालयाने तेथे लावले. घटनेला बोलावयास तेहतीस वर्षे लागली, एवढे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे.

ह्या दोन प्रकरणांमधून एक गोष्ट स्पष्ट होते. संमती दिली म्हणून हयगय माफ होत नाही, आणि हयगय सिद्ध करावयाची असेल तर संमतीचा विषय काढण्याची गरज पडत नाही. म्हणजे वादीच्या दृष्टीने संमतीचा मुद्दा बराच काळ निरुपयोगीच होता. तो उपयोगी पडत होता रुग्णालयास, एक बचावाचा कागद म्हणून.

त्या कागदाच्या भाषेकडे आता वळावयास हवे. मराठी संमतिपत्रांतून आढळणारी 'राजीखुशीने', 'पूर्ण शुद्धीत', 'कोणाच्याही दडपणाखाली न येता' ही शब्दावली वैद्यकातली नव्हे. ती खरेदीखत, गहाणखत व मृत्युपत्र ह्यांतली आहे. दस्त लिहून देणाऱ्यास आपण काय विकतो आहोत हे ठाऊक असते. जमीन त्याची, तिच्या चतुःसीमा त्याला पाठ. त्याच्याविषयी शंका असते ती एवढीच की, त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली किंवा त्याला दारू पाजली, असे तो पुढे म्हणेल. म्हणून दस्ताची भाषा इच्छेची ग्वाही देते, ज्ञानाची नव्हे. रुग्णाची गोष्ट उलटी आहे. त्याची इच्छा उघड असते, त्याला बरे व्हावयाचे असते. उणीव असते ती ज्ञानाची. राजीखुशी हा जोडशब्द मनाचा कल सांगतो, आकलन सांगत नाही. दंडसंहितेच्या ९० व्या कलमाने भय व गैरसमज ह्या दोन्ही गोष्टी संमतीला मारक मानल्या होत्या. दस्ताच्या भाषेतून आलेल्या संमतिपत्राने त्यांपैकी भयाचा तेवढा बंदोबस्त केला. 'संमती' ह्या शब्दाचा मूळ रोख मत जुळण्याकडे आहे, आणि मत जुळावयाचे तर आधी दोन मते हवीत, ही गोष्ट छापील नमुन्यात हरवली.

सही कोणाची, हाही प्रश्न आहेच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घेण्याचा नियम आहे. पण ती कोणाकडून घ्यावी हे सांगताना प्रथम पती किंवा पत्नी, नंतर अज्ञान रुग्णाच्या बाबतीत आईबाप वा पालक, आणि अखेरीस स्वतः रुग्ण, असा क्रम लावलेला आहे. मसुदा करणाऱ्यांच्या मनात काही विशेष असेल असे नव्हे. प्रचलित रीतच त्या वाक्यरचनेत उतरली आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानून जे केले, ते सर्वसाधारण शस्त्रक्रियेबाबतच्या ह्या वाक्याला तीस वर्षांनंतरही साधलेले नाही.

परिस्थिती पालटली ती १३ नोव्हेंबर १९९५ नंतर. पैसे घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने सेवा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. ह्या निर्णयाचा परिणाम मुंबईच्या उपनगरांत विशेष जाणवण्यासारखा होता. अंधेरी-घाटकोपरचा भाग १९५० मध्ये आणि बोरिवली-मुलुंडचा १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आला, आणि वाढत्या वस्तीची शस्त्रक्रियेची गरज महापालिकेच्या रुग्णालयांबरोबरच निवासी इमारतींतील लहान शुश्रूषागृहांनी भागविली. त्यांची नोंदणी १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होत असे. १९९५ च्या निर्णयाने ह्या दोन प्रकारच्या संस्थांच्या रुग्णांमध्ये एक अदृश्य रेषा ओढली. जेथे सर्वांवर विनामूल्य उपचार होतात ती संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली, आणि केवळ नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतल्याने तीत फरक पडत नाही असेही ठरले. म्हणजे एकाच स्थानकावर उतरणाऱ्या दोघांपैकी शुश्रूषागृहात पैसे मोजणाऱ्याला वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक मंचाचे दार उघडे, आणि पूर्णपणे विनामूल्य रुग्णालयात गेलेल्याला औरंगाबादच्या त्या कुटुंबाप्रमाणे दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवेचा शब्दशः उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर त्यातून सुटले असा दावा पुढे करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये फेटाळला.

ग्राहक मंचाची कार्यपद्धती संक्षिप्त. उलटतपासणीऐवजी शपथपत्रे, आणि वकील नसला तरी चालते. तेथे तज्ज्ञ कोठून आणावयाचा? आपल्या व्यवसायबंधूविरुद्ध लिहून देणारा शल्यविशारद मिळणे सोपे नसते, हे ह्या क्षेत्राशी संबंध आलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. डॉक्टरांवर फौजदारी खटला भरण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. २००९ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहक तक्रारींनाही ही अट लावली. मार्च २०१० च्या किशन राव खटल्यात ही दुसरी अट अमान्य करण्यात आली : प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागतोच असे नाही, जेथे गोष्ट उघड आहे तेथे मंचाने स्वतः पाहावे. औरंगाबादचा बोळा अशा रीतीने सर्वसामान्य नियमाच्या पदवीस पोचला.

संमतीचा प्रश्न स्वतंत्रपणे, हयगयीच्या आश्रयाशिवाय, ऐरणीवर आला तो १६ जानेवारी २००८ च्या समीरा कोहली खटल्यात. प्रकरण दिल्लीचे व मे १९९५ चे. चव्वेचाळीस वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यास व त्या अनुषंगाने लागणाऱ्या शस्त्रक्रियेस संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या वृद्ध आईची सही घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. काम कौशल्याने झाले नाही असे न्यायालय म्हणाले नाही. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य होते, आणि आईची सही मुलीच्या सहीची जागा घेऊ शकत नाही, एवढ्याच आधारावर शुल्क न घेण्याचा व पंचवीस हजार रुपये भरपाईचा आदेश झाला. सद्हेतू आणि कौशल्य दोन्ही असूनही शस्त्रक्रिया अनधिकृत ठरू शकते, हे तत्त्व येथे निःसंदिग्धपणे मांडले गेले.

परंतु हा निर्णय दुसऱ्या एका मुद्द्यावर थबकला. संमती खरी ठरण्यासाठी रुग्णास किती सांगितले पाहिजे? अमेरिकेतील कँटरबरी विरुद्ध स्पेन्स ह्या १९७२ च्या निर्णयाने हे माप रुग्णाच्या बाजूने ठरविले होते : निर्णय घेताना सुज्ञ रुग्णाला जे महत्त्वाचे वाटेल ते सर्व. इंग्लंडातील १९५७ च्या बोलम खटल्याचे माप निराळे. तेथे विजेच्या झटक्यांच्या उपचारात रुग्णाची हाडे मोडली होती. स्नायू सैल करणारे औषध न देणे आणि धोका आधी न सांगणे, हे दोन्ही आरोप होते. आणि जाणत्या वैद्यांपैकी एका जबाबदार गटाची रीत तशी असेल तर दोष नाही, असे दोहोंबाबत ठरले. सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडील रुग्णांची स्थिती, त्यांचे शिक्षण व डॉक्टरांवरील श्रद्धा ह्यांचा विचार करून अमेरिकन कसोटी बाजूस ठेवली, आणि काय सांगणे पुरेसे हे ठरविण्यासाठी वैद्यकव्यवसायातील प्रचलित व स्वीकृत रीत हेच प्रमाण मानले. शस्त्रक्रियेच्या कृतीबाबत तज्ज्ञाला समोरच्या दाराने दोन पावले मागे सरकविण्याचे काम २०१० च्या निर्णयाने केले खरे. पण त्यापूर्वीच तो संमतीच्या दाराने आत येऊन बसला होता. रुग्णाला पुरेसे सांगितले होते काय, ह्याची साक्षही डॉक्टरच देणार. १७६७ चा तो रिवाज येथे पुन्हा भेटतो, फरक एवढाच की तेव्हा रिवाजाची साक्ष रुग्णाच्या उपयोगी पडली होती. इंग्लंड-स्कॉटलंडने २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात बोलमचे माप धोके सांगण्याच्या बाबतीत सोडून दिले. जेथून आपण ते घेतले तेथे ते राहिले नाही.

रुग्णाच्या अल्पशिक्षणाचे जे कारण दिले जाते ते भाषाशास्त्राच्या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. अज्ञान हा रुग्णाचा गुण नसून दोन बोलींमधील अंतराचे ते नाव आहे. गर्भपिशवी काढणे आणि 'पिशवीची तपासणी' ह्यांतला भेद निरक्षर बाईलाही एका वाक्यात समजतो. तो समजत नाही केवळ छापील नमुन्यातील संस्कृतप्रचुर वा इंग्रजी पारिभाषिक नामांतून. अंधेरीच्या एखाद्या शुश्रूषागृहात रुग्ण मालवणी बोलणारा, परिचारिका मल्याळी, भूलतज्ज्ञ गुजराती आणि कागद इंग्रजी, ही काही कल्पित स्थिती नव्हे. समजावून सांगण्याचे काम पुष्कळदा परिचारिकेकडे किंवा सोबतच्या नातेवाइकाकडे येते, आणि त्या दुभाष्याचे नाव कोठेही नोंदले जात नाही. दाव्यात नमुना दाखल होतो. त्याच्यापूर्वी झालेले, वा न झालेले, बोलणे दाखल होत नाही. पुण्याच्या खटल्यात शस्त्रक्रियागृहातील एक तास जसा हरवला होता, तसाच येथे सहीपूर्वीचा पाव तास हरवतो, आणि त्याच्या शोधास वैद्यकीय ग्रंथही उपयोगी पडत नाहीत.

२०२१ मध्ये महाराष्ट्रातील शुश्रूषागृहविषयक नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे आवश्यक झाले. संमतिपत्रांच्या नमुन्यांतही आता बहुधा एक जादा ओळ आढळते : वरील मजकूर मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आला आहे. ही ओळ इतर मजकुराबरोबर आधीच छापलेली असते, आणि ती भाषा कोणती, हे लिहिण्यास तीत रिकामी जागा ठेवलेली नसते.